न सांडलेले पाणी

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरात सोऱ्या निघतो. चकल्या पाडण्याचे काम आईचे. वय झाले, हात थोडा कापतो, तरी ते काम ती सुनेच्या हाती देत नाही. तळलेल्या चकल्या डब्यात भरण्याचे, आणि भरता भरता थोड्या कमी करण्याचे, काम माझ्याकडे असते. यंदा मी सहज म्हणून एका ताटातल्या चकल्या निरखून पाहिल्या. एकही चकली दुसरीसारखी नव्हती. कुणाचे वेढे तीन, कुणाचे साडेतीन; कुणाचे शेपूट आत दाबलेले, कुणाचे बाहेर राहिलेले. तरी सगळ्या खुसखुशीत, आणि एकही तेलात सुटलेली नाही. मी म्हटले, "आई, तुझी एक चकली दुसरीसारखी नाही ग!" तिने वरसुद्धा पाहिले नाही. म्हणाली, "पीठ तरी कुठे सारखे असते? पहिल्या घाण्याला मऊ, शेवटच्याला घट्ट. पीठ सांगेल तसा हात फिरवायचा."

हे ऐकून मला दुसऱ्या एका बाईचे असेच उत्तर आठवले. ते उत्तर गेले काही महिने माझ्या मनात घर करून आहे. आजचा हा लेख त्या उत्तराविषयी आहे. आणि खरे सांगायचे तर, माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी आहे.

उंबरमाळी हे आमचे गाव शहापूर तालुक्यात, मध्य रेल्वेवरच्या खर्डी आणि कसारा या स्थानकांच्या मध्ये. मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या वाचकांनी गाडीच्या खिडकीतून ते पाहिले असेल. लक्षात मात्र राहिले नसेल. पुढे थळघाट लागतो आणि सगळ्यांचे डोळे तिकडे लागलेले असतात. सपाट जमीन आमच्याकडे थोडी. भाताची खाचरे, त्यांच्यावर माळ, माळावर काळा दगड, आणि दगडांतून वाट काढत गेलेले ठाकरांचे आणि कातकऱ्यांचे पाडे.

वीसएक वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या दिवसांत, मी याच टापूतल्या एका शाळेवर होतो. सव्वीस जानेवारी जवळ आली होती. पाहुणे यायचे होते, आणि मुलांची कवायत बसवण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला; पुढे शिकता आले नाही याची खंत मनात होती. त्यामुळे निदान कवायत तरी अशी करून दाखवू की कुणी बोट ठेवणार नाही, असा माझा हट्ट होता. चाळीस मुले, चाळीस उजवे पाय, आणि आवाज मात्र एक! त्या आवाजाचे मला वेड लागले होते.

त्या चाळिसांत ठाकरपाड्यावरची एक मुलगी होती. असेल दहा-अकरा वर्षांची. तिला 'डावा-उजवा' काही केल्या साधेना. सगळ्यांचा डावा पाय पडला की हिचा पाय अर्धा क्षण मागाहून पडे, तोही कधी लांब, कधी जवळ. मी तिला समजावले, रागावलो, आणि शेवटी मैदानावर चुन्याच्या फक्कीने पावलांच्या खुणा काढल्या. एका दुपारी सगळा वर्ग पाहत असता तिला एकटीला त्या खुणांवरून चालायला लावले. खुणेकडे पाहिले की तिचे गुडघे ताठ होत, मान खाली जाई, आणि पाय नेमका खुणेच्या बाहेर पडे. मुले हसली. मीही हसलो असेन. समारंभाच्या दिवशी मी तिला रांगेत घेतले नाही. मुलांच्या चपला राखायला मागे बसवले.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. मी पाड्यावर गेलो, नाही असे नाही. तिचा बाप म्हणाला, "येत न्हाय म्हणते, गुरुजी." काही आठवडे हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडल्या, मग नाव कमी झाले. त्या वर्षी आमच्या कवायतीचे कौतुक झाले.

गेल्या वर्षी वैशाखात एका पाड्यावर कामासाठी गेलो होतो. परतताना ओहोळाकडून वर येणाऱ्या पायवाटेला लागलो. पुढे एक बाई चालली होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, आणि कमरेवर एक घागर. वाट म्हणजे नुसते दगड. काही रोवलेले, काही पायाखाली डुगडुगणारे. मध्येच सुकलेला पाला, मध्येच एक करडू आडवे आले. मी रिकाम्या हातांनी चालत होतो आणि दोनदा ठेचाळलो. ती ठेचाळली नाही. कळशीतल्या पाण्यावर पळसाचे पान तरंगत होते, तेही फारसे हलत नव्हते.

मी तिच्या पायांकडे पाहू लागलो. एक पाऊल लांब, दुसरे आखूड. कधी टाच आधी टेके, कधी चवडा. कधी पाय दगडाच्या धारेवर तिरपा पडे. गुडघा कधी वाके, कधी कमर त्याच्या ऐवजी वळे. खाली सारे असे क्षणाक्षणाला बदलत होते, आणि वर ती कळशी मात्र ताणलेल्या दोरीवरून सरकावी तशी चालली होती. आपण शहाणी माणसे नीट चालणाऱ्याला 'एका चालीने चालतो' असे म्हणतो. ही बाई दोन पावलेही एका चालीने टाकत नव्हती, आणि तिचे पाणी सांडत नव्हते.

चढ संपल्यावर ती थांबली आणि वळून म्हणाली, "गुरुजी, ओळखलं का? मी ती, डावा-उजवा न येणारी!"

ती हसत म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, "एवढ्या दगडांतून पाय कुठे ठेवायचा हे तू ठरवतेस तरी कसे?"

"मी कशाला ठरवू? दगूड सांगतो," ती म्हणाली आणि पाड्याकडे वळली.

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत फिजिओथेरपी शिकतो, म्हणजे दुखावलेल्या किंवा लुळ्या पडलेल्या अवयवांना पुन्हा हालचाल शिकवण्याची विद्या. सुटीत घरी आला की ओट्यावर बसून गप्पा मारतो. त्याला मी हा प्रसंग सांगितला, चुन्याच्या खुणांसकट सांगितला. तो म्हणाला, "गुरुजी, ही बाई जे म्हणाली त्याचे एक मोठे शास्त्र आहे." मग तीन-चार संध्याकाळी त्याने मला ते समजावले. मला जेवढे कळले तेवढेच येथे मांडतो.

आमच्या ओट्यावरून रेल्वे दिसते. रूळ जिकडे नेतील तिकडे गाडी जायची. ती फार तर पुढे जाईल किंवा मागे येईल. म्हणजे तिला मोकळीक एकाच प्रकारची. आता आपला हात पाहा. खांद्याला तीन प्रकारच्या मोकळिकी: हात पुढे-मागे नेता येतो, बाजूला उचलता येतो, आणि स्वतःभोवती फिरवताही येतो. कोपराची एक, मनगटाच्या अलीकडे हात उलथापालथा करण्याची एक, आणि मनगटाच्या दोन. झाल्या सात, बोटांचा हिशेब अजून केलाच नाही. पण बोटाचे टोक हवेतल्या एका ठरलेल्या जागी न्यायचे तर गरज असते तिघांचीच: वर-खाली, डावे-उजवे आणि पुढे-मागे. मग उरलेल्या चार कशासाठी?

वाचकहो, फराळाचे ताट समोर असेलच. ताटातल्या लाडवावर बोट टेकवा. बोट जराही न हलवता कोपर वर उचला, पुन्हा खाली आणा. जमले ना? बोट एका जागी, आणि हात मात्र शंभर प्रकारे मांडता आला. याचा अर्थ असा की लाडवापर्यंत पोहोचण्याच्या वाटा एक-दोन नव्हेत, अगणित आहेत. सबंध शरीराच्या सांध्यांचा आणि स्नायूंचा हिशेब केला तर डोके गरगरेल. इतक्या वाटांतून मेंदू दर क्षणी एक वाट काढतो कशी, हा प्रश्न ज्याने नीट विचारला, तो निकोलाय बर्नस्टाइन नावाचा रशियन शास्त्रज्ञ. जन्म मॉस्कोला, १८९६ साली.

त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. क्रांतीनंतर मॉस्कोत कामगारांच्या श्रमाचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली. ती काढणारा अलेक्सी गास्तेव हा कामगार होता आणि कवीही होता. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले होते. प्रत्येक कामाची एकच सर्वोत्तम रीत असते, ती शोधावी आणि सर्व कामगारांना तीच लावावी, असा त्या विचाराचा रोख होता. गास्तेवला त्याची भुरळ पडली. कामगाराची प्रत्येक हालचाल यंत्रासारखी एकसारखी व्हावी हे त्याचे स्वप्न. चुन्याच्या खुणा काढणारा मी एकटाच नव्हतो, हे ऐकून मला क्षणभर बरे वाटले.

१९२२ च्या सुमारास तरुण बर्नस्टाइन या संस्थेत आला. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगाराची हालचाल तपासण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याने कामगाराच्या खांद्याला, कोपराला, मनगटाला आणि हातोड्याला छोटे छोटे विजेचे दिवे बांधले आणि प्रत्येक घाव घालताना त्या दिव्यांची छायाचित्रे घेतली. छायाचित्रात माणूस दिसेना. दिसत होत्या फक्त दिव्यांच्या ठिपक्यांच्या रेषा. आपल्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळीच म्हणा ना.

निघाले काय? कामगार मुरलेला होता, दिवसाला शेकड्यांनी घाव घालणारा. तरीही एका घावाच्या रेषा दुसऱ्या घावाच्या रेषांवर तंतोतंत बसत नव्हत्या. खांदा थोडा इकडे, कोपर थोडे तिकडे. मात्र हातोड्याचे टोक आपल्या वाटेवरून त्यामानाने फारच थोडे ढळत होते. खांद्याची चूक कोपर सांभाळून घेत होते, कोपराची चूक मनगट. सांधे हुकूम पाळणाऱ्या शिपायांसारखे वागत नव्हते. एका घरात नांदणाऱ्या माणसांसारखे वागत होते. एकाचे कमी पडले की दुसरा भरून काढतो, आणि घराचे काम अडत नाही.

यावरून बर्नस्टाइनने जो विचार मांडला तो मला शिक्षक म्हणून फार मोलाचा वाटतो. सराव म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणे नव्हे. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवणे म्हणजे सराव. उत्तर दरवेळी नवे, कारण दगड नवा, पीठ नवे, दमलेले अंग नवे. ज्याला एकच उत्तर पाठ आहे तो सपाट मैदानावर शोभून दिसतो आणि माळावर पडतो.

त्याच्या नशिबाची गोष्टही येथे सांगितली पाहिजे. १९४७ साली त्याने हालचालींच्या घडणीवर मोठा ग्रंथ लिहिला. १९४८ मध्ये त्याला स्टालिन पारितोषिक मिळाले. पण त्याचे म्हणणे थोर शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह याच्या सिद्धांताशी जुळत नव्हते, आणि तिथे त्या काळात पाव्हलॉव्हच्या मताबाहेर पाऊल टाकण्याची सोय उरली नव्हती. थोड्याच वर्षांत त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला आणि त्याचे प्रयोगाचे काम सुटले. १९६६ साली तो वारला. त्याचे लेख इंग्रजीत पुस्तकरूपाने आले ते १९६७ मध्ये. गास्तेवचा तर स्टालिनच्याच राजवटीत बळी गेला. सर्वांची पावले एकसारखी पडावीत हा हट्ट एकदा राज्यावर बसला की हट्ट धरणाऱ्यालाही तो सोडत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकताना मला चुन्याच्या खुणांवर उभी असलेली ती मुलगी दिसू लागली. नवशिका माणूस काय करतो? इतक्या सगळ्या मोकळिकी एकदम सांभाळता येत नाहीत, म्हणून तो सांधे आवळून धरतो. पहिल्यांदा सायकलवर बसलेला मुलगा आठवा: हात ताठ, खांदे वर, नजर पुढच्या चाकावर. पहिल्यांदा कित्ता गिरवणारे मूल पाहा: पेन्सिल मुठीत घट्ट, जीभ बाहेर. पुढे जसजसे अंगवळणी पडते तसतसे सांधे एकेक करून मोकळे होतात. म्हणजे ताठरपणा ही शिकण्याची पहिली पायरी. आम्ही शिक्षक मात्र पुष्कळदा त्या पहिल्या पायरीलाच शिस्त म्हणतो आणि मुलाला तिथेच उभे करून ठेवतो. ती मुलगी चालायला केव्हाच शिकलेली होती, माझ्यापेक्षा चांगली शिकलेली होती. तिला पुन्हा ताठ मी केले.

आणि चालायला आपण शिकतो तरी कसे? कॅरन अ‍ॅडॉल्फ या अमेरिकन संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची खेळताना पाहणी केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत मुले तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. ही पावलेही कवायतीतली नव्हेत. कधी खेळण्याकडे, कधी आईकडे, कधी उगीच. ज्या घरात नुकते चालू लागलेले मूल आहे त्यांनी या दिवाळीत मोजून पाहावे. एवढी पडझड पाहूनही कुठल्या आईने मुलापुढे चुन्याच्या खुणा काढल्याचे मी ऐकलेले नाही.

येथे कोणी म्हणेल, "गुरुजी, हे तर बेशिस्तीचे समर्थन झाले. उद्या मुले म्हणतील, आमचे अक्षर असेच, आमची बेरीज अशीच." आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर याच शास्त्रात आहे. शोल्झ आणि शोनर या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये बसल्या जागेवरून उठून उभे राहण्यासारखी साधी क्रिया तपासली. तेच माणूस तीच क्रिया पुन्हा करताना जो फरक पडतो, त्याचे त्यांनी दोन भाग केले. एक भाग असा की त्याने साध्य बिघडत नाही. लाडवावर बोट ठेवून कोपर हलवावे तसा. दुसरा भाग असा की त्याने साध्यच बिघडते. बोट लाडवावरून घसरते. उभे राहताना शरीराचा तोल जिथे सांभाळावा लागतो, तिथे पहिल्या प्रकारचा फरक पुष्कळ आणि दुसऱ्या प्रकारचा थोडा, असे दिसून आले. म्हणजे शरीर बेशिस्त नाही. जिथे ढळून चालणार नाही तिथे ते कडक असते, आणि जिथे ढळले तरी चालते तिथे ते उगीच कडक होत नाही. बेरजेचे उत्तर चुकले तर ते चूकच. पण ते बोटांवर मोजून काढले, काड्या मांडून काढले की तोंडी काढले, यावरून छडी उगारण्याचे कारण नाही.

कवायतही मी वाईट म्हणत नाही. लेझमीचा ताल चाळीस हातांनी एकदम धरला की अंगावर जो काटा येतो तो खोटा नसतो. मिळून एक होण्याचा आनंद माणसाला लागतोच. मात्र तो आनंद जिथला तिथे असावा. १८३१ साली इंग्लंडात ब्रॉटन येथे सैनिक पावलात पाऊल टाकून झुलत्या पुलावरून चालले आणि तो पूल कोसळला. तेव्हापासून पुलावर पावले मोडून चालण्याचा हुकूम निघाला. जिने कवायत वाढवली त्या फौजेलाही ती कुठे थांबवायची हे शिकावे लागले.

एवढे सारे समजल्यावर मी फार आनंदलो. आपल्या जुन्या विद्यार्थिनीची चाल म्हणजे शास्त्राचा जिवंत दाखला, हे तिला सांगावे असे वाटले. त्यात विद्यार्थ्याने आफ्रिकेतली एक हकीकत सांगितली होती. केनियातल्या लुओ आणि किकुयु स्त्रिया डोक्याच्या आधाराने ओझी वाहतात. त्यांच्या श्वासाची मोजणी करून संशोधकांनी १९८६ साली लिहिले की आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचे ओझे त्या जादा शक्ती न खर्चता नेतात. लंबक जसा एका टोकाची गती दुसऱ्या टोकाला कामी आणतो, तशी त्यांची चाल एका पावलाची गती पुढच्या पावलाच्या कामी आणते, असा उलगडा १९९५ मध्ये झाला. सगळ्याच स्त्रियांना हे साधते असे नाही, असेही पुढच्या तपासणीत दिसले. बाईबाईगणिक फरक पुष्कळ होता.

पुन्हा त्या पाड्यावर गेलो तेव्हा मी हे सगळे तिला उत्साहाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हंजे गुरुजी, आमच्या डोक्यावर हंडाच बरा, असं ठरलं का आता?"

मला उत्तर सुचले नाही.

शहापूर तालुक्याची गोष्ट वाचकांना माहीत असेल. मुंबईची तहान आमच्या डोंगरांतले पाणी भागवते. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते; पुढे मोडकसागर आला, भातसा आले. पावसाळ्यात येथे छपरे फुटतील असा पाऊस पडतो, आणि होळी झाली की पाड्यापाड्यावर बाया रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, नाहीतर ओहोळात खड्डा खणून वाटीवाटीने पाणी भरतात. ज्या चालीचे मला एवढे कौतुक वाटले ती चाल तिने हौसेने कमावलेली नव्हती. तिची मान संध्याकाळी दुखते, हे तिने मी विचारल्यावर सांगितले. आपणहून सांगितले नव्हते.

तेव्हा मला माझी चूक दुसऱ्यांदा कळली, आणि ही दुसरी चूक पहिलीपेक्षा सूक्ष्म होती. वीस वर्षांपूर्वी मी तिच्या पावलांना नावे ठेवली. आता त्याच पावलांची मी वाहवा करत होतो. दोन्ही वेळा मी तिचे पायच पाहिले. ती कुठे चालली आहे आणि तिला कुठे जायचे होते, हे दोन्ही वेळा विचारले नाही.

शास्त्राने मला येथवर आणले. येथून पुढे ते बरोबर येत नाही. हातोड्याचे साध्य उघड असते: छिन्नीवर घाव बसावा. साध्य ठरलेले असले की सांध्यांना मोकळीक देणे सोपे. पण माणसांच्या बाबतीत साध्य कुणी ठरवायचे? मी कवायत बसवली तेव्हा माझे साध्य पाहुण्यांच्या डोळ्यांत होते. मुलांनी मिळून काही करावे, त्यांची छाती भरून यावी, हे साध्य असते तर त्या मुलीचा अर्धा क्षण मागे पडणारा पाय आड आला नसता. मी कठोर होतो यापेक्षा मी रीत आणि साध्य यांची अदलाबदल केली, हे अधिक वाईट. कठोर शिक्षकाला मुले क्षमा करतात. पण आपण कशासाठी इथे आहोत हेच ज्याला आठवत नाही, त्याच्यापुढून ती मुकाट्याने निघून जातात.

आणि पाण्याचे साध्य? पाणी घरात पोहोचावे हे. त्यासाठी डोके हीच एक वाट आहे असे कुणी म्हणत असेल, मग तो तिच्या चालीचे कितीही गोडवे गावो, तर तो टेलरचाच चेला. त्या बाईच्या शरीराला पाऊल टाकण्याच्या हजार वाटा ठाऊक आहेत. तिच्या आयुष्याला मात्र आपण एकच वाट ठेवली, आणि ती ओहोळाकडे जाते. त्यात माझाही वाटा आहे. शाळेकडे जाणारी दुसरी एक वाट होती, तिच्यावर मी चुन्याच्या खुणा काढल्या.

तिची मुलगी आता माझ्या वर्गात आहे. आईसारखीच काटक आणि हसरी. सव्वीस जानेवारीची तयारी सुरू झाली तेव्हा माझ्या डोक्यात या नव्या ज्ञानाचे वारे भरलेले होते. यंदा कवायत नकोच, मुलांना मोकळे नाचू द्यावे, असा बेत मी वर्गात बोलून दाखवला. ही पोर उठून उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, मला कवायत पाहिजे. मला डावा-उजवा येतो." आणि तिने बाकांच्या मधल्या जागेत करून दाखवला. अगदी ठोक्यावर पाय पडत होते. कुणी शिकवले म्हणून विचारले, तर म्हणाली, "आईनं. हंडा उतरवल्यावर अंगणात शिकवते."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. माणसाच्या मोकळिकीचा एवढा अभ्यास करून तिसऱ्यांदा तीच चूक माझ्या हातून होणार होती. या खेपेला एका पोरीवर मोकळीक लादण्याची.

कवायत झाली. तिला पहिल्या रांगेत उभे केले, कारण तिने ती जागा मागितली होती. मागच्या रांगेत दोन पोरांचे पाय चुकत होते. ती रांगेतच राहिली. पाहुण्यांपैकी कुणाच्या ते लक्षात आले असेल तर त्यांनी तसे बोलून दाखवले नाही. तिची आई कुंपणाशी उभी होती. आदल्या दिवशी टँकर आला होता म्हणून तिला सकाळी सवड झाली होती. समारंभ संपल्यावर मी तिच्याकडे गेलो. वीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारबद्दल चार शब्द बोलायचे मनात योजले होते. ती आधीच म्हणाली, "पोरीचा पाय बरोबर पडला ना, गुरुजी?"

"बरोबर पडला," मी म्हटले. "तुझाही पडत होता. मला दिसला नाही."

ती काही बोलली नाही. पदर सावरून पाड्याच्या वाटेला लागली. डोक्यावर काही नव्हते, तरी ती तशीच चालली होती: एक पाऊल लांब, दुसरे आखूड, दगड सांगेल तसे. उन्हाळा अजून पुढे होता.